माझा पाय घसरला नव्हता, सर

सर,

तुमच्या जलदानविधीला मला बोलायला उठवलं आणि मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. समोर तुमचा फोटो होता. फॅक्टरीच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, त्यामुळे चेहऱ्यावर तोच भाव : लवकर आटपा, ड्यूटीची वेळ झाली. भंतेजींची वंदना झाली आणि लोक एकेक करून बोलायला उठले. एक जण म्हणाले, सुखदेव सर दोन बोटांनी माणूस आडवा करायचे. दुसरे म्हणाले, तीस वर्षांत जवाहरनगरात सरांना कुणी पाडू शकलं नाही. मंडपातल्या माना डोलल्या. तुमचा सगळ्यात जुना विद्यार्थी नरेश तेवढा माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं. त्या सकाळी तो हॉलमध्ये होता, जेव्हा तुम्हाला एकदा नाही, तीनदा पाडलं गेलं. पाडणारी मी होते.

हे उठून सांगावं, तर काकू पांढऱ्या साडीत पहिल्याच रांगेत बसलेल्या. न सांगावं, तर त्यानंतर तुम्ही जे केलंत, तेही पुसलं जाणार. आणि माझ्या मते तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. मी म्हणाले, "सरांनी मला पडायला शिकवलं. त्यांच्याइतका खरा माणूस मी पाहिला नाही." आणि बसले.

घरी आले आणि चैन पडेना. म्हणून तुम्हालाच लिहितेय. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट माहीत नाही. ती मध्येच कुठेतरी येईल.

मी दहा वर्षांची होते. बाबा तुमच्याच सेक्शनला, आपली क्वार्टर्स एकाच रांगेत. रविवारी सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये तुम्ही ऐकिडो ही जपानी युद्धकला शिकवायचात. तरुणपणी ट्रेनिंगसाठी पुण्याकडच्या फॅक्टरीत दोन वर्षं होतात, तिथे एका निवृत्त इंजिनिअरांकडून शिकलात आणि ते वेड घेऊन परत आलात. कॉलनीत सगळे हसायचे. "ऐकिडो म्हणजे काय बाप्पा? काय ऐका लागते त्यात?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "हो ना. समोरच्याचा जोर ऐका लागते." त्याचा जोर अडवायचा नाही, वळवायचा, आणि त्याच जोराने त्याला खाली घालायचं. तुमच्या तोंडून ते इतकं सोपं वाटायचं की मला शाळेतलं गणितही तसंच सुटेल असं वाटे.

मॅट घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. तुम्ही तुमच्या लाखांदूरकडच्या गावाहून धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणलंत, हॉलमध्ये हातभर पसरलंत आणि वर ताडपत्री ताणून बांधलीत. पहिले सहा महिने तुम्ही आम्हाला दुसरं काही शिकवलंच नाही. फक्त पडायला लावलंत. पुढे, मागे, कडेवर. हनुवटी छातीला, हात मोकळा, पाठीची कमान. "जमिनीशी भांडू नको पोरी. गोल होऊन भेट तिले." घरी गेले की केसांत तणस निघायचं आणि आई ओरडायची.

मग मनगट आलं. एकीने दुसरीचं मनगट धरायचं, दुसरीने फिरून सुटायचं, वळायचं, आणि धरणारीने पडायचं. किती सुंदर दिसायचं ते! तुम्ही ती काळी घेरदार विजार घालून मध्ये उभे, आणि नरेशसारखा धिप्पाड पोरगा तुमच्या हाताला लागताच वाऱ्याने उडाल्यासारखा पलीकडे. मला वाटायचं, जगात माझ्या सरांसमोर कुणी उभं राहू शकत नाही. आणि सरांची विद्यार्थिनी म्हणून माझ्यासमोरही.

सोळाव्या वर्षी शाळेच्या ज्युदो संघात माझ्या वजनाची मुलगी नव्हती, म्हणून खेळाच्या सरांनी माझं नाव घातलं. मी तुम्हाला विचारायला आले. तुम्ही म्हणालात, "जा. पाहून ये."

पाहून आले. नागपूरच्या त्या हॉलमध्ये माझ्यासमोरच्या मुलीने माझं मनगट धरलंच नाही. तिने कॉलर धरली, दुसऱ्या हाताने बाही, आणि मी फिरायचा विचार करेपर्यंत छत माझ्या डोळ्यांसमोर होतं. ज्युदोत पाठ टेकली की हार, आणि तुम्ही शिकवलं होतंत तशी मी इतकी छान पाठीवर पडले की पंचांनी तिला तिथल्या तिथे पूर्ण गुण दिला. दुसऱ्या लढतीत एका मुलीने मला खाली दाबून ठेवलं. तोंडावर तिची छाती, श्वास घेता येईना, आणि मी तिचं मनगट शोधत होते. कडेला बसलेल्या मुली हसत होत्या. अजूनही कधीकधी ते हसू ऐकू येतं.

सोमवारी मी तुमच्या दारात उभी राहिले. "सर, तिनं मनगट धरलंच नाही."

तुम्ही म्हणालात, "मंग तू कायले त्याची वाट पाहत होती?"

एवढंच. तुम्ही कदाचित खरंच विचारलं असेल. मला ते टोमण्यासारखं लागलं. सहा वर्षं तुम्हीच तर वाट पाहायला शिकवलं होतंत. पुढच्या रविवारी मी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबांकरवी दोनदा निरोप पाठवलात. मी ज्युदोच्या होस्टेलला गेले, राज्य पातळीवर खेळले, प्रशिक्षणाचा कोर्स केला आणि दहा वर्षांनी भंडाऱ्यात एका शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून लागले. संध्याकाळी ज्युदोचा वर्ग सुरू केला. या सगळ्या काळात आपण रस्त्यात भेटलो की मी "नमस्कार सर" म्हणायचे आणि पुढे जायचे.

मग तो रविवार.

मी सहज आले असं तुम्हाला म्हणाले होते. बाबांना डबा द्यायचा होता, म्हणून हॉलमध्ये डोकावले, असं. खोटं होतं ते, सर. मी माझे ज्युदोचे कपडे पिशवीत घालून आणले होते. आदल्या आठवड्यात शाळेतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, जवाहरनगरच्या सरांकडे सेल्फ डिफेन्स शिकू का?" आणि ते नागपूरचं हसू पुन्हा कानात वाजलं. मी तुम्हाला तुमच्या विद्यार्थ्यांसमोर पाडायला आले होते. तुम्ही शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलात, "प्रणालीनं मले आरसा दाखवला." आरसाबिरसा काही नव्हता. मी सूड घ्यायला आले होते. हीच ती तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट. त्यानंतरच्या सहा वर्षांत दहा वेळा तोंडापर्यंत आली आणि गिळली.

हॉलच्या दारावर तुमचा पत्र्याचा बोर्ड होता, 'ऐकिडो : स्त्री-पुरुषांसाठी आत्मसंरक्षण'. आत कॉलेजच्या चार मुली उभ्या होत्या आणि तुम्ही सांगत होतात, "कोणी असा हात धरला, का असं वळाचं." मी दारातूनच म्हणाले, "सर, मी धरू का?"

तुम्ही वळून पाहिलंत. दहा वर्षांनी मी त्या हॉलमध्ये बोलत होते. तुम्ही हसलात. "ये ना. धर."

"पण मी आपून होऊन पडणार नाही."

नरेश पुढे आला. "काय बोलून राहिली तू? सरांशी बोलाची ही रीत आहे का?"

"थांब नरेश," तुम्ही म्हणालात. मग मला, "नको पडू."

मी मनगट धरलं नाही. पहिल्यांदा कॉलर धरली, पायात पाय अडकवला आणि तुम्ही मागे गेलात. अकरा सेकंदही लागले नसतील. पडलात मात्र असे की तणसाचा आवाजही झाला नाही. उठलात. "आणखीन." दुसऱ्यांदा तुम्ही माझा हात वळवायचा प्रयत्न केलात, मी तो ओढून घेतला आणि कंबरेवरून घातलं. "आणखीन." तिसऱ्यांदा मी तुम्हाला खाली धरून ठेवलं. एकावन्न वर्षांचा माणूस माझ्याखाली श्वासासाठी धडपडत होता. तुम्ही 'हरलो, सोड' म्हणून हात दोनदा ताडपत्रीवर आपटलात. मी लगेच सोडायला हवं होतं. मी एक श्वास जास्त धरून ठेवलं. तुमच्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही.

त्या चार मुलींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही उठून बसलात, घाम पुसलात, मला म्हणालात, "पाणी पी," आणि बाकीच्यांना, "आज एवढंच."

स्कूटीवर परत येताना मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. दहा वर्षं मनात घोळवलेली गोष्ट, आणि हाती लागली ती फक्त तुमच्या मानेवर उमटलेली माझ्या बोटांची लाल खूण.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या भंडाऱ्याच्या वर्गात पोरं रांगेत बसत होती आणि तुम्ही दारात उभे. ड्यूटीवरून थेट आलेले. हातात पिशवी. काळी विजार नव्हती, काळा पट्टाही नव्हता. नवशिक्याचा नवा कोरा पांढरा पट्टा, दुकानातल्या घड्या अजून न मोडलेला.

"प्रवेश भेटते का?"

मी म्हणाले, "सर, तुमी कायले…"

"शिकायले. तुह्या क्लासात वयाची अट आहे का?"

मी नाही म्हणाले. तुम्ही रांगेच्या अगदी शेवटी, सातवीतल्या पोरांच्या पलीकडे जाऊन मांडी घातलीत. मी वळून फळ्याकडे तोंड केलं, कारण मला रडू येत होतं आणि सत्तावीस पोरं माझ्याकडे पाहत होती.

चौदा महिने आलात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पोरांना आधी वाटलं, गंमत आहे. तेरा वर्षांची एक मुलगी तुम्हाला हळूच, जपून पाडायची, तर तुम्ही तिला म्हणालात, "बाई, मले लाडानं पाडू नको. जीव लावून पाड." तिने जीव लावला. मग सगळ्यांनीच लावला. एका संध्याकाळी काकूंचा फोन आला. "प्रणाली, मी रोज यांच्या बरगडीले पट्टा बांधून राहिली. तू सांग ना त्याईले. तुझं तरी ऐकतील." मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तिले सांग, दोन बरगड्या अजून चांगल्या आहेत."

वर्ग सुटल्यावर आपण बसस्टँडबाहेरच्या टपरीवर चहा प्यायचो. तिथेच आपली भांडणं व्हायची. तुम्ही काय काय सापडलं ते सांगायचात, एखाद्या पोराने शाळेत घडलेलं सांगावं तसं. "मनगट कोणी धरतच नाही, प्रणाली. धरलं तं लगेच सोडते. अन् माणूस एकदा ओढून थांबत नाही, तो ओढतच राहते. आमच्याकडं तो एकदा ओढते अन् पुतळ्यासारखा उभा राहते."

मी दया दाखवली नाही. "मंग एवढे वर्ष लोकाईले काय शिकवलं, सर?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "तेच तं पाहून राहिलो," म्हणालात.

मला आठवतं, त्या वेळी मी विषय बदलला. माणसाने एवढं खरं बोललं की समोरच्याची पंचाईत होते.

नंतरच्या एका रविवारी तुम्ही रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन स्टुलावर चढलात आणि बोर्डावरचा 'आत्मसंरक्षण' हा शब्द पुसलात. नरेश खाली उभा राहून ओरडत होता. "सर, तुमी आपल्याच हातानं आपला क्लास बुडवून राहिले! लोक त्या एका शब्दासाठीच येते!"

"म्हणूनच पुसून राहिलो," तुम्ही वरून म्हणालात. "जे देत नाही, ते लिहू कसं?"

नरेश निघून गेला. त्याच्याबरोबर आणखी बरेच गेले. सहा महिने तो तुमच्याशी बोलला नाही. हॉलमध्ये नऊ जण उरले. त्या नऊ जणांना तुम्ही शेवटचा अर्धा तास खुल्या लढतीला दिलात. आधी काही ठरवायचं नाही, कुणी आपणहून पडायचं नाही. पहिल्या दिवशी मीही आले होते. काय फजिती होती ती! काळे पट्टेवाले एकमेकांचे कपडे ओढत, धापा टाकत, भाजीबाजारातल्या बैलांसारखे डोक्याला डोकं लावून उभे. तुम्ही मध्येच हसायला लागलात आणि मग सगळेच हसले. नरेश परत आला, तेव्हा त्यालाही तुम्ही पहिल्याच दिवशी त्या गर्दीत ढकललंत. तो पडला, उठला, तुमच्या पाया पडायला वाकला, तर म्हणालात, "पाया नंतर पड. आधी त्याची कॉलर सोडव."

आणि आता त्या बुधवारचं बोलू. ज्याच्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो.

तुम्हाला येऊन वर्ष झालं होतं. शेवटची लढत तुमची-माझी. मी नेहमीसारखी कॉलरवर झेप घेतली. तुम्ही तिथे नव्हतात. तुम्ही माझ्या बाजूला होतात, एक पाऊल आत, माझ्याच दिशेने तोंड करून. तुमचा एक हात माझ्या मानेमागे आला, दुसरा हनुवटीखाली, आणि माझी धाव माझ्या पायांखालून निघून गेली. मी पाठीवर पडले. मी वर पाहिलं, तर तुमचा चेहरा माझ्यापेक्षा घाबरलेला.

"लागलं का? पाय घसरला तुहा."

"नाही घसरला."

"घसरला ना. पाणी होतं तिथं."

"कुठं आहे पाणी, सर?"

तुम्ही खरंच खाली वाकून पाणी शोधायला लागलात! कोरड्या मॅटवर तळहात फिरवून पाहिलात. "सुकलं असन," म्हणालात.

सर, माझा पाय घसरला नव्हता. मी राज्य पातळीवर खेळलेली बाई आहे, माझा पाय कधी घसरतो ते मला कळतं. मी पूर्ण जोराने आले होते, मला पडायचं नव्हतं, तुमच्या मनात ती चाल करायचं ठरलेलं नव्हतं, आणि ती हालचाल ज्युदोची नव्हती. मी लहानपणापासून पाहिलेली, तुमची, ऐकिडोची होती. फरक एवढाच की वर्षभर सत्तावीस पोरांनी तुम्हाला जीव लावून पाडलं होतं, म्हणून ती आता तुमच्या अंगात आपोआप उतरली होती. हे मी तुम्हाला टपरीवर, फोनवर, बाबांच्या निवृत्तीच्या जेवणात, सगळीकडे सांगितलं. आपलं भांडण उलटंच होऊन बसलं. मी म्हणायची, ऐकिडो चाललं. तुम्ही म्हणायचात, नाही चाललं.

"एकदा झालं म्हणजे होते असं नाही. तूच तं शिकवलं मले. दहादा करून दाखवीन तवा मानीन."

माझ्या हिशेबाने पुढे आणखी दोनदा झालं. तुमच्या हिशेबाने एकदाही नाही. दहा काही झाले नाहीत. आता होणार नाहीत. भांडण माझ्या एकटीच्या अंगावर टाकून गेलात.

एका वादात मात्र तुम्ही जिंकला होतात आणि मी ते कबूल केलं नाही. कॉलनीतल्या निवृत्त मंडळींसाठी तुम्ही फक्त पडण्याचा वर्ग सुरू केलात. साठीच्या बाया साडी खोचून तणसावर लोळायच्या. माझी आईही जायची. मी हसले होते. "सर, याले काय म्हणाचं? इथं तं समोर कोणीच नाही." त्या दिवाळीआधी आई बाजारातल्या पायऱ्यांवरून घसरली. हातात दोन्ही पिशव्या. बघणारे म्हणाले, बाई गेलीच. आई पिशव्या सोडून गोल झाली, खांद्यावरून फिरली आणि खालच्या पायरीवर उठून बसली. कोपर खरचटलं, बस. घरी येऊन तिने आधी तुम्हाला फोन केला, मग मला.

तुम्ही मला म्हणालात, "ही खुली लढत होती का नाही, सांग. जमीन काही ठरवून येत नाही."

मी म्हणाले होते, "ही लढत नाही, सर, अपघात आहे." आता सांगते. तुमचं बरोबर होतं. माझं मत अजून तेच आहे, जो कधी खुला लढला नाही त्याच्या हातातलं ऐकिडो म्हणजे नाच. शेवटी तुमचंही तेच होतं. पण माझी आई आज चालते-फिरते ती तुमच्या त्या नाचातल्या पहिल्या सहा महिन्यांमुळे. माझ्या ज्युदोच्या पदकांनी माझ्या आईचं हाड वाचवलं नसतं.

पोटातली गाठ कळली तोवर उशीर झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात मी दर शनिवारी यायची. एका दुपारी काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि तुम्ही छताकडे बघत मनीषाबद्दल सांगितलंत. तोवर मी ते नाव ऐकलं नव्हतं.

मनीषा तुमच्या वर्गात यायची. कॉलेजला एसटीने जायची. एका संध्याकाळी स्टॉपवर एकाने तिचा हात धरला. तिने तुम्ही शिकवलं तसंच केलं, फिरली, वळली. तो हसला आणि त्याने तिची वेणी धरली. पलीकडून एक फळवाली ओरडत आली म्हणून तो पळाला. दुसऱ्या रविवारी मनीषा तुमच्याकडे आली.

"ती मले दोष द्यायले आली नव्हती, प्रणाली," तुम्ही म्हणालात. "मले म्हणे, सर, माझंच काही चुकलं असन. परत दाखवा ना."

"मंग?"

"दाखवलं मी." तुमचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. "तेच. जे चाललं नव्हतं, तेच परत दाखवलं तिले. दुसरं मले येतच कुठं होतं?"

मग म्हणालात, की त्यानंतर वर्षभर तुम्ही दर रविवारी बोर्डाखालून आत जाताना मान खाली घालायचात. की मी दारातून "मी धरू का" म्हणाले, तेव्हा तुम्हाला भीती वाटली नाही, हायसं वाटलं. "मले वाटलं, आली बापा कोणीतरी."

आणि हेही सांगितलंत, की बोर्ड पुसला त्याच आठवड्यात तुम्ही एसटीने लाखांदूरला गेलात. मनीषा तिथे लग्न होऊन गेली होती. तिच्या सासरच्या अंगणात उभं राहून तुम्ही तिला म्हणालात, "बेटा, तुझं चुकलं नव्हतं. मी शिकवलेलंच चुकीचं होतं." ती म्हणाली, "सर, एवढं सांगायले एवढ्या दूर आले?" आणि तुम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्या दुपारी मी माझं सांगायला हवं होतं. सर, मी आरसा नव्हते, मी सूड होते. तोंड उघडलंही. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "तू नसती आली तं मी असाच मेलो असतो, लोकाईच्या टाळ्या घेत." मग कसं बोलणार? तुमच्या हातातलं ते समाधान काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. आजही वाटतं, सांगितलं असतं तरी तुम्ही "पाणी पी" म्हणाला असता.

शेवटची भेट क्वार्टरमधली. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यावरची. दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील. खिडकीशी तुमची खाट, तुम्ही उशीला टेकून बसलेले, आणि अंगात काही उरलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "बस, मी चहा टाकते," आणि आत गेल्या. मग तुम्ही तुमचा उजवा हात पांघरुणाबाहेर काढून माझ्यापुढे केलात.

"धर."

मी तुमचं मनगट धरलं. माझी बोटं पूर्ण फिरून अंगठ्याला लागली, इतकं बारीक झालं होतं ते. तुम्ही हात वळवलात, अगदी हळू, मी दहा वर्षांची असताना वळवायचात तसा. त्यात जोर म्हणून काही नव्हता. आणि मी पडले. खाटेच्या कडेला फरशीवर गुडघा टेकला, खांदा टेकला, गोल होऊन बाजूला गेले. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून तुमच्याशी भांडले, तीच केली.

मी वर पाहिलं. तुमचे डोळे माझ्यावर रोखलेले होते आणि त्यांत राग होता. त्या आजारात मी तुम्हाला एवढं जिवंत पाहिलं नव्हतं.

"खोटी पडली तू."

"नाही, सर."

"खोटी पडली. असं नको करू पोरी. सगळ्याईनं केलं तं चाललं, तू नको करू." हात पुन्हा पुढे आला. "परत धर. बराबर धर."

मी उठले. तुमचं मनगट धरलं, आणि या वेळी खरं धरलं. तुम्ही ओठ मिटून वळवायचा प्रयत्न केलात. हात हलला नाही. पुन्हा केलात. कपाळावर घाम आला. मी सोडलं नाही, सैलही केलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी तुम्हाला हरवत होते.

शेवटी तुम्ही हात ढिला सोडलात आणि डोकं उशीवर टेकलंत.

"हं," तुम्ही म्हणालात. "आता बराबर."

तुम्ही हात मागे घेतला नाहीत. मीही सोडला नाही. काकू चहा घेऊन आल्या, आपल्याकडे पाहिलं, एक कप खिडकीत ठेवला, एक माझ्या डाव्या हातात दिला, आणि स्टूल ओढून बसल्या.